सत्त्याऐंशी पटींनी लहान रेल्वे

मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची एका ठरावीक प्रमाणात लहान केलेली, चालती प्रतिकृती. इंजिन, डबे, रूळ, सांधे, सिग्नल, फलाट, डोंगर, बोगदे असे सारे एकाच प्रमाणात बसवून जी मांडणी उभी राहते तिला या छंदात लेआउट म्हणतात. खेळण्यातली आगगाडी गोल फिरली तरी तिचे काम झाले. लेआउटमधल्या गाडीने मात्र खऱ्यासारखे निघावे, चढावे, वळावे आणि थांबावे अशी अपेक्षा असते. अडचण इथेच सुरू होते. वस्तूची लांबी हवी तितकी कमी करता येते, पण गुरुत्वाकर्षण, घर्षण, पाण्याचा पृष्ठताण आणि विजेचे नियम तिच्याबरोबर आक्रसत नाहीत. या छंदातली मजा आणि मनस्ताप, दोन्ही बहुतांशी या एकाच विसंगतीतून येतात.

प्रमाणे ठरण्याचा इतिहास जर्मनीतून सुरू होतो. १८९१ मध्ये म्यार्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजचे रूळ आणि सुटे भाग जोडून वाढवता येणारा रेल्वेसंच मांडला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची गाडी फक्त त्याच्याच रुळांवर चालत असे. सुरुवातीचे संच अवाढव्य होते. ते दिवाणखान्याच्या जमिनीवर पसरावे लागत. १९३५ च्या सुमारास जर्मन कंपन्यांनी रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटरवर आणले आणि रेल्वे टेबलावर आली. आज जगात सर्वाधिक चालणारे एचओ प्रमाण १:८७ आहे, आणि त्याचे रूळ याच १६.५ मिलिमीटरचे. १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला ८७ ने भागले की जवळपास हाच आकडा मिळतो. १:१६० चे एन प्रमाण ९ मिलिमीटर रुळांवर चालते, तर म्यार्कलिनने १९७२ मध्ये आणलेले १:२२० चे झेड प्रमाण अवघ्या साडेसहा मिलिमीटरवर.

ब्रिटनने इथेही आपले वेगळेच केले. ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १:८७ च्या सांगाड्यात त्या काळची मोटर मावेना. म्हणून इंजिने आणि डबे १:७६ ला वाढवले आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. हे ओओ प्रमाण. त्यातली गाडी हिशेबाने पाहिली तर साधारण १२५७ मिलिमीटर गेजवर, म्हणजे जवळजवळ नॅरोगेजवर धावते. ब्रिटनमधले बहुसंख्य शौकीन गेली अनेक दशके हे डोळ्याआड करत आले आहेत.

भारतीय रेल्वे हुबेहूब करू पाहणाऱ्याची पंचाईत याच्या उलट जातीची आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. १:८७ ला ते १९.३ मिलिमीटर होते, आणि बाजारात मिळणारे रूळ त्याहून पावणेतीन मिलिमीटर अरुंद. हे रूळ वापरले तर आपले रुंद डबे त्यांवर जरा फताडे दिसतात. रूळ स्वतः ठोकायचे म्हटले तर सांधे, चाकांचे आस, सगळे हाताने करणे आले. गंमत अशी की जुन्या, लहान गाड्या मात्र सहज बसतात. मीटरगेजला साडेअकरा मिलिमीटर लागतात, तिथे १२ मिलिमीटरचे तयार रूळ चालतात. बार्शी लाइट रेल्वे किंवा यवतमाळची शकुंतला ७६२ मिलिमीटर गेजची; तिच्यासाठी एन प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ नेमके. माथेरानची राणी ६१० मिलिमीटरची, तिला झेडचे रूळ थोडे कमी पडतात, पण डोळ्याला खुपत नाहीत. महाराष्ट्रातल्या नवशिक्याने राजधानी एक्स्प्रेसचा हट्ट धरण्यापेक्षा बार्शी लाइटकडे वळावे, असे हे गणितच सुचवते.

दुसरा प्रश्न जागेचा. आयसीएफ कारखान्याचा एक डबा बफरांसह सुमारे २२.३ मीटर लांब असतो. १:८७ ला तो साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. चोवीस डब्यांची गाडी इंजिनासह सहा मीटरच्या पुढे जाते, म्हणजे फ्लॅटमधल्या कुठल्याही खोलीबाहेर. पुणे ते मुंबई हे १९२ किलोमीटरचे अंतर प्रमाणात आणले तरी सव्वादोन किलोमीटर भरते. त्यामुळे गाडी आठ डब्यांची करायची, फलाट तोकडा करायचा, दोन स्थानकांमधला मुलूख एखाद्या टेकडीआड गडप करायचा, अशी काटछाट अटळ असते. काय ठेवले म्हणजे जागा ओळखू येईल आणि काय गाळले तर कोणाच्या लक्षात येणार नाही, हे ठरवण्यातच कारागिराचा खरा कस लागतो.

वळणावर मात्र काटछाट लपत नाही. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरली जाते. १:८७ ला ती दोन मीटर होते; पूर्ण वर्तुळाला चार मीटर रुंद जागा हवी. बाजारातल्या संचांमधले एक नेहमीचे वळण ४३.८ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. खऱ्या रेल्वेत त्याची त्रिज्या ३८ मीटर झाली असती आणि कुठलीही एक्स्प्रेस तिथे वळली नसती. मॉडेलचा डबा वळतो, कारण त्याच्या बोगी, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी, भरपूर फिरतील अशा बसवलेल्या असतात. पण दोन बोगींमध्ये सतरा सेंटिमीटर अंतर असलेल्या डब्याचे पोट अशा वळणावर आतल्या बाजूला आठ मिलिमीटरहून अधिक सरकते, आणि टोके बाहेर फेकली जातात. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येत असेल तर दोघी एकमेकींना घासतात. कागदावर आखलेला दुहेरी मार्ग प्रत्यक्षात निकामी ठरतो तो बहुधा इथेच.

सर्वांत रोचक भाग वजनाचा आहे. लांबी ८७ पट कमी झाली की घनफळ ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी कमी होते. १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन या हिशेबाने जेमतेम १८७ ग्रॅमचे व्हायला हवे. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके जागच्या जागी घसरतात. म्हणून आत धातूचे ठोकळे घालून त्याचे वजन तिपटीपर्यंतही नेतात. चढ असेल तर ओझे आणखी वाढते. ३३ ला १ चढावर दीडशे ग्रॅमच्या प्रत्येक डब्यामागे साडेचार ग्रॅमची जादा ओढ लागते, वर आसांचे घर्षण वेगळे. भोर घाटाचा ३७ ला १ चढ खऱ्या रेल्वेला मागून जादा इंजिने लावायला लावतो. टेबलावरही दुसरे इंजिन जोडण्याची पाळी येते. काही कंपन्या पकड वाढवण्यासाठी एखाद्या चाकावर रबरी कडे चढवतात, पण रबर वीज वाहत नसल्याने ते चाक रुळातून वीज घेईनासे होते.

वजन वाढवले तरी जडत्वाचा प्रश्न उरतोच. ताशी १०० किलोमीटर म्हणजे १:८७ ला सेकंदाला ३२ सेंटिमीटर. मोटर बंद केल्यावर खरी गाडी किलोमीटरच्या हिशेबात घरंगळत राहते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे वेग ८७ पट कमी झाला की हे अंतर साडेसात हजार पटींनी घटते. शिवाय मॉडेलच्या आसांचे घर्षण तुलनेने बरेच जास्त. परिणामी वीज तुटताच गाडी ठेच लागल्यासारखी उभी राहते. यावर उपाय म्हणून मोटरच्या दांड्यावर पितळी गतिचक्र बसवतात. ते फिरत राहून गाडीला आणखी थोडे अंतर पुढे नेते.

आणि ही वीज वारंवार तुटते. दोन रूळ म्हणजे दोन तारा, आणि चाक व रूळ यांचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढा. रूळ सहसा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. नावातली चांदी त्यात औषधालाही नसते. धूळ, तेलाचा अंश, प्लास्टिकच्या चाकांचा भुगा आणि स्पर्शबिंदूवर उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांची काजळी मिळून रुळांवर काळा थर बसतो. गाडी अडखळते, दिवे मिणमिणतात. हातात पॉलिश पेपर घ्यावासा वाटतो, पण त्याचे ओरखडे पुढची घाण अधिकच धरून ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला सुती कपडा रुळांवरून फिरवावा आणि चाकेही पुसावीत, हा उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे.

जुन्या पद्धतीत रुळांत १२ व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाह सोडत. व्होल्टेज वाढवले की वेग वाढे, ध्रुव उलटे केले की गाडी मागे जाई. एका रुळावर दोन इंजिने असली की दोन्ही एकदमच हलत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेन्झ कंपनीने विकसित केलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने प्रमाण मानलेल्या डीसीसी पद्धतीने हे बदलले. यात रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असते, फक्त त्याचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा उलटत राहतात. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, सुमारे १०० मायक्रोसेकंदांची असेल तर ‘शून्य’. तोच प्रवाह इंजिनाला शक्तीही देतो आणि आज्ञाही. प्रत्येक इंजिनातल्या डीकोडरला स्वतःचा क्रमांक असतो. आपला क्रमांक ऐकू आला तरच तो हलतो. चांगला डीकोडर मोटरची वीज क्षणभर तोडतो, त्या क्षणी जनित्र बनलेल्या मोटरचे व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून वेग ओळखून चढ-उतारावर तो सांभाळतो.

तरीही एक सापळा दोन्ही पद्धतींत तसाच राहतो. गाडी फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने यावी म्हणून वळसा घातला की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. रुळांत खाचा पाडून तो तुकडा वेगळा करावा लागतो आणि गाडी त्यात असताना ध्रुव उलटवावे लागतात. म्यार्कलिनने स्लीपरच्या मधोमध वीजबिंदूंची तिसरी ओळ ठेवून ही कटकट मुळातूनच काढली; त्या बदल्यात रूळ थोडे कमी खरे दिसतात.

घसरणाऱ्या डब्याने आणलेला वैताग मात्र कशाच्याच तोडीचा नाही. एकच डबा, एकाच सांध्यावर, दर चौथ्या फेरीला रूळ सोडतो. या प्रमाणात चाकाची कड अवघी सहा-सात दशांश मिलिमीटर खोल असते; अर्धा मिलिमीटर उंचवटा खऱ्या रेल्वेत चार सेंटिमीटरहून मोठा झाला असता. आधी दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मापाने तपासायचे. ते साधारण १४.४ मिलिमीटर हवे. मग सांध्याची जीभ मुख्य रुळाला पूर्ण टेकते का, हे बोट फिरवून पाहायचे. मग बोगीचा स्क्रू. बहुतेक वेळा दोष या तिघांतच सापडतो, पण सापडेपर्यंत डबा पुन्हा पुन्हा त्याच जागी ढकलत राहावे लागते.

देखाव्याचे काम त्या मानाने सुखाचे. रुळांखालची खडी म्हणजे चाळून घेतलेली दगडाची पूड. पन्नास मिलिमीटरची खरी खडी इथे सहा दशांश मिलिमीटर होते. ती कोरडीच पसरायची, ब्रशने स्लीपरांवरून झटकायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला नाही तर पृष्ठताणामुळे गोंद पुडीत न मुरता गोळ्या होऊन राहतो आणि खडी सोबत घेऊन वाहतो. हाच पृष्ठताण खरे पाणी निरुपयोगी ठरवतो: काठाशी ते फुगीर दिसते, थेंब डब्याच्या खिडकीएवढे राहतात. म्हणून नद्या रेझिनच्या ओततात. वापरून वाळवलेली चहाची पूड मातीला उत्तम. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात खरी धास्ती लाकडाची असते. दहा मीटर रूळ वीस अंश तापले तर तीन मिलिमीटर वाढतात, आणि तेवढी फट जोडांत ठेवता येते. पण ओल शोषून फुगलेला एमडीएफचा तक्ता सगळी मांडणी वाकडी करतो. मरीन प्लाय महाग पडला तरी तोच घ्यावा.

मांडणी बांधून झाली की गाड्या चालवायच्या, आणि इथे गणित पुन्हा डोके वर काढते. ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांच्या ‘इंगलनूक सायडिंग्ज’ या छोट्या लेआउटमध्ये दोन सांधे आणि तीन सायडिंग आहेत: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन, शंटिंगच्या फाट्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात. शंटिंगच्या कामात खरे डोके किती लागते, हे या फळीवर तासाभरात कळते.

या छंदाने बाहेरच्या जगालाही काही दिले. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबमधली मुले टेबलाखालच्या टेलिफोन रिलेंच्या जंजाळातून तर्कमंडले शिकली, आणि त्यांतलीच काही पुढे सुरुवातीच्या संगणकांवर प्रोग्राम लिहू लागली. १९६२ चा ‘स्पेसवॉर’ हा संगणकखेळ याच वर्तुळातला. हॅम्बुर्गचे मिनिएचर वुंडरलँड हे मॉडेल रेल्वेचे प्रदर्शन २००१ मध्ये उघडले. तिथे आज पंधरा किलोमीटरहून अधिक रूळ आहेत. पुण्यात कोथरूडला जोशीज् म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे १९९८ पासून आहे, आणि मराठी घरांतल्या अनेक मुलांनी चालता लेआउट पहिल्यांदा पाहिला तो तिथेच.

सुरुवात करणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावे, मग दीड-दोन मीटरच्या फळीवर इंगलनूक मांडावा. मोठ्या लेआउटचे लाकूड कापण्याआधी आपला सर्वांत लांब डबा आपल्या सर्वांत तीव्र वळणावर ठेवून पाहावा आणि शेजारच्या रुळावर त्याच्या जोडीला दुसरा.