खेचराच्या पाठीचं माप

वाकवली की तशीच राहणारी एक लवचीक पट्टी, कार्डबोर्डचे पाच-सहा तुकडे, खडू आणि पेन्सिल. अमेरिकेच्या पश्चिम भागात खेचरासाठी खास मापाचं खोगीर बनवून घ्यायचं म्हटलं की काम सुरू होतं ते एवढ्या सामानावर. खेचर सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार येईल असं उभं करतात. फऱ्याच्या हाडाची मागची कड बोटांनी चाचपून तिथे खडूची रेघ ओढतात. रेघेच्या थोडं मागे पट्टी पाठीवर आडवी दाबून बसवायची, अलगद उचलायची आणि तिचा आकार कार्डबोर्डवर उतरवून घ्यायचा. तसंच पाठीच्या मध्यावर, तसंच शेवटच्या बरगडीपाशी, आणि अखेरीस कण्याला समांतर, लांबीच्या दिशेने. हे आकार कापून पाकिटात घातले की खेचर तबेल्यातच राहतं आणि त्याची पाठ टपालाने शेकडो मैल दूरच्या कारागिराकडे जाते.

या कारागिराला मराठीत नाव आहे: जीनगर. फारसी ‘जीन’पासून ते आलं. घोडदळांच्या काळात जीनगरांच्या हाताला काम होतं. घोडदळं गेली आणि जीनगर हे आडनावात, जातीच्या नावात उरलं. खोगीर तेवढं बोलण्यात शिल्लक आहे, तेही ‘खोगीरभरती’ म्हणून. निरुपयोगी ऐवज कोंबून जागा भरणं, असा त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने पाठीवर ओझं वाहिलं त्या जनावराला विचारता आलं असतं तर त्याने हा अर्थ मान्य केला नसता. खोगिराच्या आत काय भरलंय आणि त्याचा आकार कसा आहे, यावरच त्याचं सुखदुःख ठरतं.

घोड्याचं तयार खोगीर खेचराला का चालत नाही, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. आई घोडी, बाप गाढव. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63; म्हणून ते बहुधा वांझच राहतं. आईकडून त्याला उंची आणि ताकद मिळते, बापाकडून कान, खूर, काटकपणा आणि पाठीची ठेवण. घोड्याच्या मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मधे एक ठळक उंचवटा असतो. खोगीर पुढे सरकू नये म्हणून तो निसर्गाने दिलेला खुंटाच म्हणायचा. बहुतेक खेचरांत हा उंचवटा सखल असतो. घोड्याच्या पाठीला मधे थोडी खोली असते. खेचराची पाठ लांबीच्या दिशेने बरीच सरळ जाते. बहुतेक म्हणायचं कारण असं की आईबापांपैकी कोणाचं किती उतरेल याचा नेम नाही. एकाच घोडीची दोन पिल्लं मापाला वेगवेगळी निघू शकतात.

अमेरिकन पद्धतीच्या खोगिराचा जीव त्याच्या सांगाड्यात असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, त्यांना पुढून जोडणारी कमान आणि मागून जोडणारा टेकू. हे सगळं लाकूड कच्च्या कातड्यात किंवा फायबरग्लासमध्ये गुंडाळलेलं असतं. कातडं ओलं असताना ताणून शिवतात. वाळताना ते आक्रसतं आणि सांगाडा घट्ट आवळून धरतं. वर दिसणारं कोरीव चामडं, बैठक, रिकिबींचे पट्टे हा सगळा साज या सांगाड्यावर चढतो.

घोड्यासाठी घडवलेल्या पट्ट्यांना होडीच्या तळासारखा बाक असतो. ही होडी खेचराच्या सरळ पाठीवर ठेवली की ती मध्यभागी टेकते, पुढचं आणि मागचं टोक अधांतरी राहतं. स्वाराचं सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं आणि प्रत्येक पावलाला खोगीर पाळण्यासारखं पुढेमागे डोलतं. उलट, पाठीला खोली असलेल्या जनावरावर सरळ पट्ट्यांचं खोगीर ठेवलं तर ते दोन्ही टोकांवर पुलासारखं उभं राहतं आणि मधली जागा पोकळ पडते. कमान फार रुंद झाली तर खोगीर कण्यावर बसतं. अरुंद झाली तर फऱ्यांना चिमटा बसतो. पुढचा पाय लांब टाकला की फऱ्याचं हाड मागे सरकतं. त्या हालचालीला मोकळी जागा हवी, म्हणूनच सुरुवातीची ती खडूची रेघ. मागच्या बाजूलाही हद्द आहे: शेवटच्या बरगडीपलीकडे कंबरेला खालून आधार नसतो, तिथे भार टाकायचा नाही. आखूड पाठीच्या खेचरावर या दोन रेघांमधे जेवढी जागा उरते तेवढ्यातच स्वाराला बसवायचं असतं.

पाठीवरचं माप झालं की प्रश्न येतो उताराचा. उंचवट्याचा खुंट नसल्याने डोंगर उतरताना खेचराचं खोगीर मानेकडे घसरतं. तंग कितीही आवळला तरी ते थांबत नाही, फक्त जनावराचा श्वास कोंडतो आणि कोपराच्या मागे कातडी सोलवटते. जुना उपाय म्हणजे दुमची, शेपटीखालून जाणारा पट्टा. डोंगरातली जाणती मंडळी मागच्या पुठ्ठ्यांभोवती फिरणारा रुंद पट्टा अधिक पसंत करतात. उतारावर सगळा रेटा शेपटीच्या नाजूक मुळाऐवजी मांड्यांच्या भरदार स्नायूंवर येतो. चढावर खोगीर मागे जाऊ नये म्हणून छातीपट्टा. या पट्ट्यांच्या कड्या सांगाड्यातच पक्क्या बसवाव्या लागतात. त्यामुळे वाटा कशा आहेत, हे जीनगराला ऑर्डर देतानाच सांगायला हवं.

वाटा म्हणजे काय, हे ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये कळतं. दक्षिण कड्यावरून कोलोरॅडो नदीपर्यंतचा उतार सुमारे 1,300 मीटरचा. तळाशी फँटम रँच नावाची विश्रांतीची जागा आहे. मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईंनी ती आखली आणि 1922 मध्ये ती सुरू झाली. तिथे पर्यटकांना आजही खेचरं नेतात, सामानही तीच वाहतात. स्वाराला अंगावरच्या कपड्यांसकट काट्यावर उभं केलं जातं आणि मर्यादेपेक्षा जास्त भरला तर नम्रपणे नकार मिळतो. त्याच दरीच्या परिसरात हवासुपाई लोकांच्या सुपाई गावी रस्ता पोचत नाही. त्यांचं टपाल खेचरांच्या तांड्यावरून जातं.

मापाच्या खोगिराची गोष्ट निघाली की अमेरिकन सैन्यातल्या जनरल जॉर्ज क्रूक यांच्यापाशी थांबावंच लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲरिझोनातल्या अपाची लोकांविरुद्धच्या मोहिमांमध्ये त्यांनी सगळी भिस्त खेचरांच्या तांड्यांवर ठेवली. स्वतःही ते खेचरावर बसत. त्याचं नाव त्यांनी ‘अपाची’ ठेवलं होतं. त्यांचे सहकारी जॉन बर्क यांनी 1891 च्या पुस्तकात या तांड्यांवर आत्मीयतेने लिहिलं आहे. ओझ्यासाठी तिथे ‘अपारेहो’ वापरत, स्पेनमधून मेक्सिकोमार्गे आलेलं पालाण. चामड्याची दोन मोठी पाकिटं, आत चिवट काठ्यांच्या फासळ्या, आणि त्यांच्या भोवती भरलेलं गवत. ही भरती करणं म्हणजे तांड्यातलं सर्वांत नाजूक काम. त्या एका खेचराची पाठ कुठे भरलेली, कुठे खोलगट, हे हाताने पाहून गवत कमीजास्त करायचं. पाठीला फोड आलाच तर नेमक्या त्या जागेवरचं गवत काढून पोकळी करायची, म्हणजे जखमेला स्पर्श न होता जनावर चालत राहील. एकाचं पालाण दुसऱ्याच्या पाठीवर चढत नसे. आतल्या गादीवर ज्या त्या खेचराची खूण शिवलेली असे.

त्याच सैन्यात स्वारांसाठी 1859 पासून मॅक्लेलन खोगीर होतं. हलकं, मजबूत, कण्याला हवा लागावी म्हणून मधे लांब फट ठेवलेलं, उत्तम वस्तू. पण ते वेगवेगळ्या मापांत मिळे ते बैठकीच्या लांबीनुसार, म्हणजे माप शिपायाचं. तांड्यातल्या अशिक्षित पालाणवाल्याने माप घेतलं ते जनावराचं. आज खेचराचं खोगीर घडवणारे कारागीर वारसा चालवतात तो या पालाणवाल्याचा.

बाजारात ‘खेचरासाठी’ असा शिक्का मारलेली तयार खोगिरंही मिळतात. त्या शिक्क्यामागे ठरलेलं प्रमाण नाही. एका कारखान्याचा खेचरी सांगाडा दुसऱ्याच्या सांगाड्याशी जुळत नाही. सरासरी बांध्याच्या खेचराला त्यांतलं एखादं नीट बसतं, आणि बसलं तर ते जरूर घ्यावं. नाही बसलं तर खाली जाड गादी घालून भागवू नये. घट्ट बुटात दुसरा मोजा घातल्याने बूट सैल होत नाही. खास खोगिराला हजारो डॉलर आणि कित्येक महिने लागतात. पैसे मोजके असतील तर फुलापानांचं कोरीवकाम सोडावं आणि तीच रक्कम सांगाड्यावर घालावी. घाईही करू नये. खेचर घोड्यापेक्षा उशिरा भरतं. तीन वर्षांच्या पोरसवद्या जनावराचं माप पाचव्या-सहाव्या वर्षी खोटं ठरतं. पूर्ण वाढ झाल्यावर घेतलेलं माप मात्र दीर्घकाळ कामी येतं, कारण तिशीपर्यंत काम करणारी खेचरं आहेत. तरीही हिवाळ्यात सुटलेलं पोट, उन्हाळ्यातली मेहनत, म्हातारपणी खचणारा कणा यांनी पाठ बदलत राहते आणि माप पुन्हा घ्यावं लागतं.

मराठी माणूस खेचराच्या पाठीवर बसतो तो बहुधा आयुष्यात एकदाच, गौरीकुंडहून केदारनाथला जाताना. सुमारे सोळा किलोमीटरची चढण. बसण्याआधी पालाण उचलून पाहायला मिनिटभर पुरतं. खाली ओली जखम असेल तर त्या जनावरावर बसू नये. गडद केसांत पांढऱ्या केसांचा एखादा ठिपका दिसला तर ती जुन्या दाबाची खूण: तिथली कातडी एकदा दुखावली, आणि रंग परत आला नाही. मोटारबंदी असलेल्या माथेरानच्या लाल वाटांवरच्या घोड्यांनाही हीच परीक्षा लागू पडते.

नवं खोगीर आलं की अमेरिकेतला जाणता मालक त्याची पारख अशीच पाठीवरून करतो. पातळ सुती कापड टाकून खोगीर चढवायचं, दोन तास चढउतार करायचा, परत आल्यावर सावलीत तंग सोडायचा. सगळी पाठ सारखी घामेजलेली असेल तर उत्तम. ओल्या पाठीवर मधेच रुपयाएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे दाब एवढा पडला की घामच फुटला नाही. तिथे खडूने गोल करतात, फोटो काढतात आणि खोगीर परत जातं. जीनगर कातडं उसवतो, सांगाड्याची पट्टी त्या जागी पातळ तासतो, कातडं पुन्हा भिजवून शिवतो. मग खिळ्याला टांगलेले त्या खेचराचे कार्डबोर्डचे आकार काढून त्यांवर नाव, तारीख आणि तासलेली जागा पेन्सिलीने लिहून ठेवतो.