विश्लेषण : कंपनीच्या नावाचे डोमेन आधीच घेऊन ठेवणे किती धोक्याचे?

हजार-दीड हजार रुपये भरून एखाद्या बड्या कंपनीच्या नावाचे डोमेन नोंदवायचे आणि कंपनीला गरज पडली की चांगल्या किमतीला विकायचे, ही कल्पना इंटरनेटइतकीच जुनी आहे. ‘जिओहॉटस्टार’ प्रकरणाने ती भारतात पुन्हा चर्चेत आणली. नाव आधी नोंदवले म्हणजे ते आपले झाले का? कंपनीने नोटीस पाठवली तर काय होते? कायदा नेमका कोणाच्या बाजूने आहे?

‘जिओहॉटस्टार’चे प्रकरण काय होते?

दिल्लीतील एका तरुण ॲप डेव्हलपरने २०२३ मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम हे डोमेन नोंदवले. त्याचा अंदाज साधा होता. आयपीएलचे डिजिटल हक्क गेल्यावर हॉटस्टारची वर्गणीदार संख्या घटू लागली होती आणि डिस्ने भारतातील व्यवसायासाठी भागीदार शोधत असल्याच्या बातम्या येत होत्या. रिलायन्सने पूर्वी ‘सावन’ ताब्यात घेतल्यावर तिचे नाव ‘जिओसावन’ केले होते. म्हणजे हॉटस्टारचेही तसेच होणार! अंदाज अचूक निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेने विलीनीकरणाचा करार जाहीर केला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या डेव्हलपरने त्याच डोमेनवर एक पत्र टाकले. केम्ब्रिज विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च कंपनीने उचलावा, डोमेन देतो, असा त्याचा मथितार्थ. ही रक्कम एक कोटी रुपयांच्या आसपास जात होती. समाजमाध्यमांवर त्याचे कौतुक झाले, विनोदही झाले. पण कंपनीच्या अधिकाऱ्याने विनंती नाकारली आणि कायदेशीर कारवाई होणार असल्याचे त्यानेच नंतर त्या पानावर लिहिले. आपण डोमेन घेतले तेव्हा जिओहॉटस्टार नावाचे काही अस्तित्वातच नव्हते, हा त्याचा बचाव होता. काही दिवसांत डोमेन दुबईतील दोन शाळकरी भावंडांच्या नावावर गेले. त्यांनी ते रिलायन्सला विनामूल्य देण्याची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘जिओहॉटस्टार’ अधिकृतपणे सुरू झाले.

‘तेव्हा ते नावच नव्हते’ हा बचाव टिकला असता का?

बहुधा नाही. ‘जिओ’ आणि ‘हॉटस्टार’ ही दोन्ही नावे २०२३ मध्ये स्वतंत्रपणे सर्वपरिचित होती. दोन प्रसिद्ध व्यापारचिन्हे शेजारी ठेवली म्हणून तिसरे, कोणाचेच नसलेले नाव तयार होत नाही. शिवाय अशा वादांत निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय लवादांनी हा मुद्दा पूर्वीच हाताळला आहे. एरवी व्यापारचिन्हाचा हक्क निर्माण होण्याआधी नोंदवलेल्या डोमेनमागे दुर्हेतू मानला जात नाही. त्याला अपवाद आहे तो विलीनीकरणाची घोषणा किंवा बातम्या पाहून, येऊ घातलेल्या नावाचा फायदा घेण्यासाठी केलेल्या नोंदणीचा. येथे तर सगळा हिशेब पत्रातच सविस्तर लिहिला होता. कंपनीच्या वकिलांना वेगळा पुरावा गोळा करण्याची गरजच उरली नसती.

आधी येईल त्याला डोमेन, मग हक्क कोणाचा?

गोंधळाचे मूळ येथे आहे. डोमेनची नोंदणी ‘आधी येईल त्याला’ या तत्त्वावर चालते. नोंदणी करणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, नाव उपलब्ध आहे एवढेच पाहते. ते कोणाचे व्यापारचिन्ह आहे का, हे तपासत नाही. सगळे काम संगणक करतो. व्यापारचिन्हाच्या नोंदणीत मात्र अर्जाची छाननी होते, नाव प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. त्यामुळे डोमेन मिळाले म्हणजे नावावर हक्क मिळाला, असे होत नाही. सात-बारावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. येथेही तसेच आहे.

भारतीय न्यायालयांनी काय म्हटले आहे?

डोमेन बळकावण्यासाठी, म्हणजे ‘सायबरस्क्वॉटिंग’साठी, भारतात स्वतंत्र कायदा नाही. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ आणि ‘पासिंग ऑफ’ म्हणजे आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची आहे असे भासवण्याविरुद्धचे तत्त्व यांवर न्यायालये विसंबून राहिली आहेत.

सुरुवात १९९९ मध्ये झाली. याहू इंडिया डॉट कॉम चालवणाऱ्याविरुद्ध याहू दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचे व्यापारचिन्ह तेव्हा भारतात नोंदवलेले नव्हते. ‘याहू’ हा शब्दकोशातला शब्द आहे, आपल्या संकेतस्थळावर खुलासाही दिला आहे, असे प्रतिवादीचे म्हणणे होते. न्यायालयाने दोन्ही युक्तिवाद फेटाळून मनाई हुकूम दिला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफचे प्रकरण आले. प्रतिवादीने एका अक्षराचा फरक करून रॅडिफ डॉट कॉम घेतले होते. डोमेन हा इंटरनेटवरचा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे, असे न्यायालयाने म्हटले.

या भूमिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. सत्यम इन्फोवे कंपनीने ‘सिफी’ हे नाव घडवले होते, तर दुसरी कंपनी ‘सिफीनेट’ नावाने डोमेन चालवत होती. बंगळूरुच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. डोमेनला व्यापारचिन्हाची सगळी लक्षणे असू शकतात, असे या निकालाने स्पष्ट केले. भारतातील पुढच्या जवळपास प्रत्येक वादात त्याचाच आधार घेतला जातो. व्यक्तीच्या नावालाही हे संरक्षण मिळू शकते. अरुण जेटली यांच्या नावाच्या डोमेनबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसाच निकाल दिला.

न्यायालयात न जाता डोमेन काढून घेता येते का?

येते, आणि बहुतेक कंपन्या हाच मार्ग पत्करतात. ‘डॉट कॉम’सारख्या डोमेनसाठी आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये वाद निवारणाचे समान धोरण आणले. डोमेन नोंदवताना आपण न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारतो, त्या करारातच हे धोरण मान्य केलेले असते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे (विपो) २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत अशा सहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या.

तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन त्याच्या व्यापारचिन्हासारखेच किंवा गोंधळ उडेल इतके मिळतेजुळते आहे. ते घेणाऱ्याचा त्या नावाशी काही रास्त संबंध नाही. आणि ते दुर्हेतूने नोंदवले व वापरले जात आहे. उत्तर देण्यासाठी २० दिवस मिळतात. एक ते पाच डोमेनसाठी एका पंचाचे शुल्क दीड हजार डॉलर असून ते तक्रारदार भरतो. निकाल विरुद्ध गेला तर डोमेन रद्द होते किंवा कंपनीकडे जाते. भरपाई देण्याचा अधिकार मात्र या लवादाला नाही.

‘डॉट इन’ डोमेनसाठी निक्सी या संस्थेचे वेगळे धोरण आहे. त्यात एक शब्द महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय धोरणात दुर्हेतूने नोंदणी ‘आणि’ वापर दोन्ही दाखवावे लागतात. भारतीय धोरणात ‘किंवा’ आहे, त्यामुळे दोहोंपैकी एक पुरते. म्हणजे ‘डॉट इन’ घेणाऱ्याची बाजू आणखी लंगडी.

दुर्हेतू कशावरून ठरतो?

सगळ्यात सरळ पुरावा म्हणजे विक्रीचा प्रस्ताव. खर्चापेक्षा जास्त किमतीला व्यापारचिन्हाच्या मालकालाच विकण्याच्या मुख्य हेतूने डोमेन घेणे, हे धोरणात दुर्हेतूचे पहिलेच उदाहरण आहे. येथेच अनेक जण फसतात. कॅनडातील माइक रो या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नावावर कोटी करत माइकरोसॉफ्ट डॉट कॉम घेतले. मायक्रोसॉफ्टने त्याला नोंदणीखर्चाचे दहा डॉलर देऊ केले. चिडून त्याने दहा हजार मागितले आणि कंपनीने तेच दुर्हेतूचा पुरावा म्हणून मांडले. जगभर टीका झाल्यावर २००४ मध्ये तडजोड झाली. पण तसा गाजावाजा प्रत्येकाच्या नशिबी नसतो. कंपनीच्या वकिलाकडून ‘तुमची अपेक्षा काय?’ असा गोड ईमेल येतो, तेव्हा उत्तरात लिहिलेला आकडा पुढे परिशिष्ट म्हणून जोडला जाण्याची शक्यता मोठी असते.

मग काहीच न करता डोमेन नुसते ठेवून दिले तर? तोही बचाव टिकेलच असे नाही. २००० मध्येच ऑस्ट्रेलियाच्या टेलस्ट्रा कंपनीच्या प्रकरणात विपोच्या पंचाने ठरवले, की नाव अतिशय प्रसिद्ध असेल आणि प्रामाणिक वापराची शक्यताच दिसत नसेल, तर निष्क्रिय ठेवणे हाही दुर्हेतूने केलेला वापर ठरू शकतो.

नाव खरोखर आपलेच असेल तर?

तर चित्र बदलते. अमेरिकेतील उझी निसान यांचे आडनावच निसान. १९८० पासून ते या नावाने व्यवसाय करत होते आणि १९९४ मध्ये त्यांनी निसान डॉट कॉम नोंदवले. मोटार कंपनीने १९९९ मध्ये एक कोटी डॉलरचा दावा ठोकला. मोटारींशी संबंधित जाहिराती त्या पानावर देण्यास न्यायालयाने त्यांना मनाई केली. डोमेन मात्र अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. पण त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले, हेही लक्षात घ्यायला हवे. भारतीय कायद्याचे कलम ३५ स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला संरक्षण देते. सारा भर ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर आहे.

दुरुस्ती किंवा सुटे भाग विकणाऱ्यांनाही थोडी मोकळीक आहे. ‘ओकी डेटा’ प्रकरणात २००१ मध्ये घातलेल्या अटींनुसार, प्रत्यक्ष त्याच कंपनीचा माल किंवा सेवा द्यायची, त्या नावाखाली दुसऱ्यांचा माल खपवायचा नाही, कंपनीशी नाते काय ते पानावर ठळक सांगायचे आणि सगळीच मिळतीजुळती डोमेन अडवून ठेवायची नाहीत. कंपनीच्या नावापुढे ‘सर्व्हिस सेंटर’ जोडून, अधिकृत असल्याचा आव आणून कोणत्याही ब्रँडचा एसी दुरुस्त करणारी संकेतस्थळे यात बसत नाहीत.

प्रत्यक्षात नुकसान किती होऊ शकते?

डोमेन जाणे हा सगळ्यात किरकोळ तोटा. न्यायालयात कंपनी मनाई हुकुमाबरोबर भरपाई किंवा नफ्याचा हिशेब, आणि खर्चही मागू शकते. व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाचा दावा कंपनी स्वतः व्यवसाय करते तेथेही लावता येतो. त्यामुळे नांदेडच्या तरुणाला मुंबई किंवा दिल्लीत वकील शोधावा लागू शकतो. अमेरिकेत तर १९९९ च्या विशेष कायद्यानुसार प्रत्येक डोमेनमागे एक हजार ते एक लाख डॉलरपर्यंत भरपाई ठरवता येते. डोमेनवरून लोकांना डीलरशिप किंवा नोकरीच्या नावाने गंडवले असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

कंपन्यांना हवे ते सगळे मिळते का?

तसेही नाही. बनावट डोमेनविरुद्ध हिंदुस्थान युनिलिव्हरने केलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की रजिस्ट्रार नोंदणी निलंबित करू शकतो, पण एखादे नाव कायमचे ‘ब्लॉक’ करणे त्याच्या हातात नाही. स्नॅपडीलच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भविष्यातील सगळ्याच ‘स्नॅपडील’युक्त डोमेनवर सरसकट बंदी नाकारली, प्रत्येक डोमेनविरुद्ध कंपनीला स्वतंत्रपणे यावे लागेल, असे म्हटले. मात्र मिळतीजुळती नावे सुचवून पैसे कमावणाऱ्या रजिस्ट्रारना ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणून हात झटकता येणार नाहीत, असेही सुनावले. आणि लहान माणसाचे रास्त डोमेन दमदाटीने मिळवण्यासाठी कंपनीनेच खोटी तक्रार केली, तर लवाद तसा ठपका निकालात नोंदवू शकतो. त्या ठपक्याबरोबर दंड मात्र नसतो.