पेशीच्या गेटवरचा वॉचमन

सकाळच्या घाईत दाढी करताना गालाला ब्लेड लागतं. तुम्ही तुरटी फिरवता आणि ९.२२ च्या लोकलमागे धावत सुटता. आठवडाभरात जखमेचा पत्ता नाही! मधल्या काळात गालाच्या पेशींना ‘चला, वाढा’ असं सांगितलं कुणी? आणि भागल्यावर ‘बास’ कुणी म्हटलं? हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, बरं का.

निरोप आणणारी मंडळी म्हणजे ग्रोथ फॅक्टर्स. त्यातला फेमस म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, शॉर्टमध्ये ईजीएफ. स्टॅनली कोहेन या अमेरिकन बायोकेमिस्टने उंदराच्या नवजात पिल्लांना लाळग्रंथींचा अर्क टोचला, तर त्यांचे डोळे वेळेच्या कितीतरी आधी उघडले. दुसऱ्या कुणी ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं असतं. कोहेन मागे लागले, अर्कातून ईजीएफ वेगळा काढला आणि १९८६ मध्ये रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत नोबेल घेतलं.

गंमत म्हणजे निरोप द्यायला ईजीएफला आत जावंच लागत नाही. सोसायटीत कुरिअरवाल्याला वर सोडत नाहीत. तो गेटवर सांगतो, वॉचमन इंटरकॉम लावतो. पेशीच्या आवरणात आरपार बसलेला रिसेप्टर हा तो वॉचमन. डोकं बाहेर, शेपूट आत. ईजीएफ येऊन चिकटला की दोन रिसेप्टर जोडी जमवतात आणि त्यांचा आतला भाग, म्हणजे प्रोटीन कायनेज, जागा होतो. कायनेजचं काम एकच: एटीपीकडून फॉस्फेट उचलायचं आणि प्रोटीनवर चिकटवायचं. हे दोघे आधी एकमेकांच्याच शेपटीवर चिकटवतात! त्या शेपटीला इतर प्रोटीन्स येऊन लटकतात, रास नावाचा स्विच ऑन होतो आणि रॅफ, मेक, ईआरके अशी कायनेजची रिले सुरू होते. रॅफ मेकला फॉस्फेट लावतो, मेक ईआरकेला. ईआरके केंद्रकात शिरून वाढीची जीन्स चालू करायला लावतो. ऑफिसातल्या फॉरवर्डेड मेलसारखंच, फक्त इथे प्रत्येक जण खरंच काम करतो.

आणि ‘बास’? फॉस्फेटेज नावाची एन्झाइम्स लावलेली फॉस्फेट काढत फिरतात. शिवाय पेशी रिसेप्टरलाच आत ओढून मोडीत काढते.

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही पेशंट्समध्ये मात्र जनुकातल्या बदलामुळे हा रिसेप्टर कायम ऑन राहतो. गेटवर कुणी नाही, तरी इंटरकॉम वाजतोय. सिगरेटला कधी हात न लावलेल्यांच्या कॅन्सरमध्ये हा बदल जास्त सापडतो, आणि पाश्चात्त्यांपेक्षा आशियाई पेशंट्समध्ये जास्त. तेव्हा ‘मी कुठे सिगरेट ओढतो’ म्हणत खोकला महिनोन्महिने अंगावर काढणं हा फंडा चुकीचाच.

यावर गोळ्या आहेत. जेफिटिनिब, एर्लोटिनिब कायनेजमधल्या एटीपीच्या जागेवर जाऊन बसतात. एटीपीला जागा नाही, म्हणजे फॉस्फेट नाही. पण त्या सरसकट देत नाहीत, आधी गाठीची जनुकीय तपासणी करतात. बदल सापडला तर गाठ झपाट्याने लहान होऊ शकते. बऱ्याच जणांमध्ये साधारण वर्षभरात कॅन्सर पळवाट शोधतो. बहुतेक वेळा त्याच रिसेप्टरमध्ये आणखी एक बदल करून. त्या बदलावरचं ओसिमर्टिनिब २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यालाही चुकवणारे बदल सापडले आहेत आणि पुढच्या गोळीचा शोध चालू आहे.