गरोदरपणात ट्रेनर ठेवताय? आधी हे विचारा

"लेडीज ट्रेनर आहे ना, मग बस्स!" अनेक घरांत एवढ्यावरच फी भरली जाते. ट्रेनर बाई असणं ही सोय आहे, पात्रता नाही.

आपल्या देशात डॉक्टर किंवा वकिलाला नोंदणी लागते, तशी सक्ती जिम ट्रेनरला नाही. त्यामुळे कागद आपणच बघायचे. तेही नीट वाचून. पर्सनल ट्रेनरचा साधा कोर्स मुख्यतः निरोगी माणसांना व्यायाम शिकवण्यासाठी असतो. अमेरिकेच्या 'एसीई'सारख्या नावाजलेल्या परीक्षेला वय 18 आणि सीपीआरचं प्रमाणपत्र लागतं, पण गरोदर महिलांसाठी वेगळा कोर्स करावा लागतो. त्याला 'प्री अँड पोस्ट नेटल' म्हणतात.

वेगळा का? या काळात सांधे सैल होतात, पोटाच्या वजनाने तोल बदलतो. पुढच्या महिन्यांत बराच वेळ पाठीवर झोपलं तर गर्भाशयाचा दाब मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते. हे माहीत नसलेला ट्रेनर नेहमीचाच व्यायाम करून घेईल.

फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा:

१. प्री-पोस्ट नेटल कोर्स कुठून, कधी केला?
२. सीपीआरची मुदत संपली तर नाही ना?
३. डॉक्टरांची चिठ्ठी मागता का?
४. कोणत्या महिन्यात काय बंद करता?

चिठ्ठी न मागणारा ट्रेनर नकोच. वार खाली असणं, गर्भाशयाच्या तोंडाला टाका, वाढलेलं बीपी, जास्त अ‍ॅनिमिया, अशा वेळी व्यायाम करायचा की नाही, हे फक्त डॉक्टर ठरवतील. कंबरेचं दुखणं असेल तर ट्रेनरकडे नाही, फिजिओथेरपिस्टकडे जा.

म्हणून घाबरून बसायचंही नाही. तब्येत ठीक असेल तर आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम चांगला, असं अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, एवढाच जोर. रक्त किंवा पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, पोटरीला सूज, थांबून थांबून येणाऱ्या कळा, यातलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

अम्मी, सासूबाई, शौहर, सगळ्यांनीच ही लक्षणं लक्षात ठेवा. ट्रेनर तासभर असतो, घरचे चोवीस तास.