दमाने चढा

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. सकाळी चढून संध्याकाळी खाली येता येते. पाय दुखतात, पण रात्री झोप झाली की माणूस पुन्हा ताजातवाना होतो.

आता नेपाळचा नकाशा पाहा. तिथे एव्हरेस्ट शिखराच्या पायथ्याशी गिर्यारोहकांचा तळ आहे. त्याला बेस कॅम्प म्हणतात. हा पायथाच ५,३६४ मीटर उंचीवर आहे! पायवाटेने तिथपर्यंत जाता येते, म्हणून महाराष्ट्रातूनही अनेक जण जातात. पण काहींना अर्ध्या वाटेवरून परतावे लागते. त्यांचे पाय चांगले धडधाकट असतात. मग अडते कुठे?

अडते ते हवेत. 'वर ऑक्सिजन कमी असतो' असे लोक म्हणतात. खरे तर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रकाठी असते तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के, तिथेही असते. मात्र उंचावर हवेचा दाब कमी होतो, हवा विरळ होते. बेस कॅम्पवर हा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे एका श्वासात ऑक्सिजनही जवळजवळ निम्माच मिळतो.

आपले शरीर यावर उपाय शोधते. श्वास जलद होतो. हृदय जोरात धडधडते. मूत्रपिंडे रक्तातील क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जलद श्वास घेणे सोपे जाते. पुढे रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. पण ही कामे एका रात्रीत होत नाहीत. त्यांना काही दिवस, तर काहींना आठवडे लागतात. मराठीत 'दम लागणे' म्हणजे धाप लागणे आणि 'दम धरणे' म्हणजे धीर धरणे. उर्दूतही दम म्हणजे श्वासच. उंचावर हे दोन्ही दम एकत्र येतात.

म्हणून वेळापत्रक फार विचाराने करावे लागते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजचा मुक्काम कालच्या मुक्कामाहून सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा नियम आहे. बेस कॅम्पच्या वाटेवर हा नियम कसा पाळतात ते पाहा. काठमांडूहून छोट्या विमानाने लुकला गाठतात. पहिला मुक्काम फाकडिंगला, २,६१० मीटरवर. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर. ही चढ एकदम मोठी झाली, म्हणून नामचेला दोन रात्री राहतात. मधल्या दिवशी मात्र लोळत पडायचे नसते. आणखी तीन-चारशे मीटर चढून जायचे आणि झोपायला खाली यायचे. पुढे तेंगबोचे, मग ४,४१० मीटरवरील दिंगबोचे. तिथे पुन्हा दोन रात्री. त्यानंतर लोबुचे आणि गोरक्षेप. गोरक्षेपहून बेस कॅम्प पाहून त्याच दिवशी परततात.

सह्याद्रीतील किल्ले चढून पाय आणि छाती मजबूत होतात. तो सराव जरूर करावा. पण विरळ हवेची सवय तिथे होत नाही, कारण तेवढी उंचीच नाही. धावण्यात पहिला येणारा तरुणही तिथे आजारी पडू शकतो. उलट असा तरुण भरभर चढतो, म्हणून त्याला जास्त जपावे लागते.

डोके दुखणे, मळमळणे, भूक न लागणे, चक्कर येणे ही आजाराची पहिली लक्षणे. ती दिसताच वर जाणे थांबवावे. बरे वाटले तरच पुढे जावे, त्रास वाढला तर खाली यावे. चालताना तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्याबसल्या धाप लागली, तर मेंदूला सूज आली असेल किंवा फुप्फुसांत पाणी झाले असेल. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णाला सोबत देऊन लगेच खाली न्यावे. उशीर झाला तर जीव जातो. औषधे असतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. खाली उतरणे हाच खरा इलाज. अनेक जण सोबत्यांना त्रास नको म्हणून डोकेदुखी लपवतात. हा संकोच मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

लपवण्याचे एक कारण घरीच तयार झालेले असते. सुटी मोजकी, परतीचे तिकीट पक्के. मग विश्रांतीचा दिवस गाळावासा वाटतो. शिवाय ढग आले की लुकलाची विमाने रद्द होतात. म्हणून निघण्यापूर्वीच दोन-तीन दिवस जादा धरून ठेवावेत. ते उरलेच, तर उतरताना नामचेला मुक्काम वाढवावा. तिथे शनिवारी आठवडी बाजार भरतो.