पुणे-नागपूर विमानाने : गणित कुठे चुकते?

पुणे आणि नागपूर या विमानतळांमधील अंतर ६०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर. तर प्रवासाला किती वेळ लागेल? नववीतला विद्यार्थी लगेच उत्तर देईल, पाऊण तास. आपणही 'बरोबर' अशी खूण करू. पण वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास दिलेला असतो. चक्क दुप्पट! एखाद्या मुलीने हे विचारलेच, तर 'परीक्षेत पाऊण तासच लिही' असे सांगून भागणार नाही. चूक कुठे आहे ते तिच्याबरोबर शोधायला हवे.

आधी अंतर तपासू. रस्त्याने हे अंतर ७०० किलोमीटरहून जास्त भरते, पण विमानाला घाट-वळणे नसतात. म्हणून नकाशा घेऊ. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत सुमारे २.५ अंशांचा फरक आहे. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे २७८ किलोमीटर. रेखांशांतील फरक ५.१३ अंश. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे २० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०४ किलोमीटरच भरतो. म्हणजे ५३४ किलोमीटर. आता पायथागोरसचा सिद्धान्त वापरला की कर्ण येतो सुमारे ६०२ किलोमीटर. अंतर तर बरोबर आहे!

मग वेग पाहू. ताशी ८०० हा वेग विमान उंचावर स्थिरपणे उडत असतानाचा. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत ते सावकाश जाते, तिथे आपल्या क्रमाची वाट पाहते. मग दहा किलोमीटर उंची गाठायला वीसेक मिनिटे लागतात. उतरताना एक किलोमीटर खाली येण्यासाठी साधारण १८ किलोमीटर पुढे जावे लागते. म्हणजे नागपूर १८० किलोमीटर दूर असतानाच उतरण सुरू होते. पूर्ण वेगाने उडायला मिळते ते मधल्या टप्प्यातच.

हे स्पष्टीकरण खरे कशावरून? पडताळा घेऊ. पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर, वेळ साधारण सव्वादोन तास. अंतर जवळजवळ दुप्पट, वेळ मात्र दीडपटच. आता वजाबाकी करू. जादा ५५० किलोमीटरना जादा ४५ मिनिटे लागली, म्हणजे ताशी सुमारे ७३० किलोमीटर. दोन्ही प्रवासांत चढणे-उतरणे सारखेच असल्याने वजाबाकीत ते निघून गेले आणि मधल्या उड्डाणाचा वेग जवळपास हाती आला. या वेगाने ६०० किलोमीटरना ४९ मिनिटे लागतात. ९० मिनिटांतली उरलेली ४० मिनिटे म्हणजे प्रत्येक प्रवासाला, मग तो लहान असो वा मोठा, द्यावा लागणारा ठरावीक वेळ.

वर्गात अशा आणखी काही मार्गांचे अंतर क्ष-अक्षावर आणि वेळ य-अक्षावर मांडून पाहावे. बिंदू साधारण एका रेषेत येतात, पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. य-अक्षाला ४० मिनिटांच्या आसपास छेदते. काही बिंदू रेषेच्या थोडे वर-खाली राहतील. तेव्हा मुलांना जाण्याचा आणि परतीचा वेळ वेगवेगळा नोंदवायला सांगावे, आणि विचारावे : वाऱ्याची दिशा कोणती असेल?

मुलीचे गणित चुकले नव्हते. सरासरी वेग आणि कमाल वेग यांतला फरक प्रश्नातच हरवला होता.