हुशार मुलाचा अर्ज कोण भरणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींच्या नजरेस पडला नसता तर? गुरुजींनी त्यांना पुस्तके पुरविली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून कॉलेज पुरे झाले. पुढे १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्याच मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या २५ रुपयांपेक्षाही गुरुजींची नजर आम्हाला मोठी वाटते.

आज सोयी आहेत. त्या मुलापर्यंत पोहोचत नाहीत, हे दुखणे आहे. एकच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना २००८ पासून सुरू आहे. तिची परीक्षा आठवीत होते आणि आपल्या राज्यात ती पुण्याचीच राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता असे प्रत्येकी ९० गुणांचे दोन पेपर असतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल सरकारी, महापालिकेच्या वा अनुदानित शाळेत शिकत असावे. म्हणजे येरवडा, दांडेकर पूल, ताडीवाला रोड भागातील कितीतरी मुले या अटींत बसतात!

पण अर्ज शाळेमार्फत भरावा लागतो. आई धुणीभांडी करणारी, वडील बिगारी. चौकशी करायला शाळेत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सभासदांनी आपल्या वस्तीतील आठवीच्या मुलांची यादी शाळा सुरू होताच करावी आणि मुख्याध्यापकांना भेटावे. बौद्धिक क्षमतेच्या पेपरातील आकृत्या व अंकमालिका पाठ्यपुस्तकात सहसा नसतात. सरावाविना हुशार मूलही गांगरते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी रविवारी दोन तास दिले तरी पुष्कळ.

आता आमच्या टेबलावरची गोष्ट. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. अशाने पैसे अडकतात. नाव आधी जुळवून घ्यावे. शिवाय आधारवर आधारित पद्धतीत रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. नवे खाते उघडताना ते जोडले गेले, तर पालक जुनेच पासबुक भरून पाहतात आणि 'पैसे आलेच नाहीत' म्हणून परततात. दरवर्षी नूतनीकरणही करावे लागते, तेही विसरले जाते.

दहावीनंतर शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्यात शिकणाऱ्यास तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. हे अर्ज समाजकल्याण खात्याकडे करायचे असतात.